ताकोराडीची पुणे पद्धत

रघुवीर खांबेटे यांना सिंगापुरातली मराठी मंडळी दोन गोष्टींसाठी ओळखत. ते जहाजांच्या इंजिनांचे मोठे जाणकार होते आणि नाटकाचे त्याहून मोठे. पहिल्या गोष्टीचा पुरावा त्यांच्या कंपनीकडे होता. दुसरीचा पुरावा आफ्रिकेत होता, आणि तिथवर जाऊन तो तपासून बघायला कुणाला सवड नव्हती.

'रंगसोबती' ही त्यांची संस्था गणपतीनंतरच्या एखाद्या शनिवारी वर्षातून एक नाटक करायची. तालमी बिशानमधल्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये व्हायच्या. नट म्हणजे दिवसभर बँकेत, प्रयोगशाळेत नाहीतर बंदरात राबून आलेली माणसं. त्यातला एखादा ऐन प्रयोगाच्या आठवड्यात बोटीवर निघून जायचा, मग त्याची वाक्यं उरलेले वाटून घ्यायचे. अध्यक्ष अधूनमधून बदलायचे. दिग्दर्शक मात्र कधीच बदलला नाही. तसा विषय निघालाच तर खांबेटे चष्मा काढून पुसायला घेत आणि म्हणत, "मी ताकोराडीला एक्को तावियाच्या हाताखाली तयार झालो. तुमच्यात आणखी कुणी झालं असेल तर मी खुशाल बाजूला होतो." तसं कुणीच झालेलं नसायचं.

ताकोराडी हे घानामधलं बंदर. खांबेटे थर्ड इंजिनियर होते तेव्हा त्यांचं जहाज तिथे अडकलं होतं. मालकाने हात वर केले, कोर्टाने जहाज बांधून ठेवलं आणि खलाशी निकालाची वाट बघत डेकवर पत्ते कुटत बसले. पत्त्यांचा कंटाळा आला म्हणून तरुण खांबेटे संध्याकाळचे बंदराबाहेर फिरायला निघाले आणि मासळीच्या एका बंद पडलेल्या शीतगृहात नाटकाची तालीम चालली होती तिथे जाऊन बसले. दिग्दर्शक एक्को ताविया नावाचा काटकुळा माणूस होता. इथपर्यंतची गोष्ट अगदी खरी होती. पुढची दरवर्षी जरा जरा वाढत गेली. सुरुवातीला खांबेटे म्हणत, मी तालमी पाहिल्या. मग म्हणायला लागले, मी मदत केली. अलीकडे तर त्यांच्या वाक्यांची सुरुवातच 'मी आणि एक्कोने' अशी होऊ लागली होती. हे नाव त्यांना फार सोयीचं पडलं. ऐकायला भारदस्त, आणि आधी ऐकलेलं कुणी नाही. तो माणूस पुढे नाटकं करत राहिला की मासे विकायला लागला, हे खांबेट्यांनी कधी शोधलं नव्हतं. चालू मशीन उगाच उघडू नये, हा इंजिनरूममधला नियम त्यांनी इथेही पाळला होता.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. खांबेट्यांची 'आफ्रिकन पद्धत' कामाची होती. नटांनी कानात कापसाचे बोळे घालायचे, हॉलच्या दोन टोकांना उभं राहायचं आणि आपली वाक्यं आवाज न काढता म्हणायची. नुसते ओठ, डोळे आणि हात. समोरच्याला कळलं तर पुढे जायचं, नाही कळलं तर परत पहिल्यापासून. "आवाज सगळ्यात शेवटी घालायचा, आमटीत मीठ घालतो तसा," असं ते बजावत. नव्या माणसाला वाटायचं, आपण कुठल्या येड्यांच्या बाजारात आलो. पण काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात यायचं की आपण समोरच्याकडे बघून बोलायला लागलोय, आणि लोक म्हणतायत, अरे, तुला काम येतं की!

या वर्षी मधुवंती देव ही नवी सेक्रेटरी झाली होती. पुण्याची मुलगी, वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक करत होती आणि संस्थेचं कामही प्रयोगशाळेतल्यासारखं, हातमोजे घालून केल्यासारखं नीट करायची. एका शनिवारी ती तालमीला धावतच आली.

"काका, आधी खाली बसा."

"काय झालं? हॉल गेला?"

"एक्को ताविया सिंगापुरात आहेत!"

"कोण?" असं खांबेट्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काका! तुमचे एक्को. इथल्या युनिव्हर्सिटीत सेमिस्टरभर शिकवायला आलेत. मी काल लेक्चरला जाऊन आले. केवढे मोठे आहेत ते! आणि तुम्ही आम्हाला कधी सांगितलंच नाही."

खांबेटे काय सांगणार? त्यांनाही ते आत्ताच कळत होतं.

"मी त्यांना प्रयोगाला बोलावलंय, प्रमुख पाहुणे म्हणून. लगेच हो म्हणाले! तुमचं नाव नाही हं सांगितलं, सरप्राइज. फक्त एक गोष्ट मला कळली नाही, काका. ते म्हणाले, ही मुक्या तालमीची पद्धत आफ्रिकेतली नाहीच. पुण्याहून जहाजाने आलेल्या एका थोर रंगकर्मीने त्यांना ती शिकवली. 'द पूना मेथड' म्हणतात ते तिला. मी पुण्याची. आमचे आईबाबा दोघंही नाटकवेडे. आमच्याकडे असलं काही नाहीये हो."

"असेल काहीतरी जुनं," खांबेटे म्हणाले.

"तेच परेशकाका म्हणाले!" मधुवंतीचा चेहरा खुलला. परेश हे सध्याचे अध्यक्ष, मूळचे कोथरूडचे. "ते म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या वेळी पुण्यात असंच करायचे. म्हणजे बघा ना, आपलीच गोष्ट आफ्रिकेला फिरून तुमच्यामार्फत परत आपल्याकडे आली. मी निवेदनात हे घेणारे."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या इराने, म्हणजे यंदाच्या नाटकातल्या शाळकरी नायिकेने, कानातला कापूस काढून सिंगापुरी ढंगात विचारलं, "अंकल, रिहर्सल today got or not? मला ट्यूशन आहे ला." त्या दिवशी खांबेट्यांनी तालीम लवकर सोडली.

खरं काय घडलं होतं ते सांगायला हवं. शीतगृहातल्या तालमीला थर्ड इंजिनियर रोज येऊन बसतो हे बघून एक्कोने त्यांना विचारलं होतं, तुम्ही कुठले? खांबेटे म्हणाले, पुण्याचा. हेही पुरतं खरं नव्हतं. ते लोणंदचे, डिप्लोमापुरते पुण्यात राहिलेले. पुढचा प्रश्न आला, पुण्यात नाटक होतं का? झालं! परदेशात, तेही जहाज अडकलेलं असताना, कुणी असं विचारलं की माणसाचा अभिमान फणा काढतो. खांबेट्यांनी पुण्याच्या रंगभूमीचं साग्रसंगीत वर्णन केलं, आणि बोलण्याच्या भरात स्वतःलाही तिच्यात नट म्हणून बसवून टाकलं. वास्तविक कॉलेजच्या एकांकिकेत त्यांच्याकडे पडदा ओढण्याचं काम होतं, आणि तोही त्यांनी एकदा नायिका मरायच्या आत ओढला होता. एक्को गंभीरपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं, "तुम्ही तालीम कशी करता?"

आता आली पंचाईत. तालीम कशी करतात हे पडदा ओढणाऱ्याला काय ठाऊक? खांबेट्यांना नीट ठाऊक असलेली जागा जगात एकच होती, ती म्हणजे इंजिनरूम. तिथे आवाज असा की कानात बोळे घालूनच खाली उतरायचं आणि बोलायचं ते ओठांनी, डोळ्यांनी, हातांनी. व्हॉल्व्ह उघड, पंप बंद कर, चहा आण, घरून पत्र आलं का. सगळं बिनआवाजाचं, आणि सगळं कळायचं. तेच त्यांनी ठोकून दिलं. "पुण्यात आम्ही आधी आवाज बंद करून तालीम करतो," ते म्हणाले, "कानात कापूस घालून." दुसऱ्या दिवसापासून एक्कोचे नट कानात कापूस घालून उभे राहिले, आणि खांबेटे त्यांच्यामधून फिरत पुण्याच्या नावावर त्यांना इंजिनरूम शिकवत राहिले. निकाल लागून जहाज सुटेपर्यंतच्या त्या संध्याकाळी त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या होत्या. पुढे सिंगापुरात स्थिरावल्यावर त्यांनी तीच पद्धत एक्कोच्या नावावर शिकवली, कारण लोणंदच्या खांबेट्यांची पद्धत म्हटल्यावर कोथरूडच्या माणसाने कानात कापूस घातला नसता.

मधुवंतीने पाठवलेली एक्कोची भाषणं खांबेटे आठवडाभर मेट्रोच्या सर्कल लाइनवर जाता-येता ऐकत होते. दोनदा तर उतरायचं सेरंगून स्टेशन मागे पडलं तरी त्यांना पत्ता लागला नाही. काय आयुष्य होतं त्या माणसाचं! बाप रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचा, आई किनाऱ्यावर मासे धुरावून विकायची. एक्को शाळेतून पळाला तो गावोगाव फिरणाऱ्या एका नाटकमंडळीत. त्या मंडळीत बायका नसत, म्हणून मिसरूड फुटेपर्यंत त्याने बायकांची कामं केली, आणि त्याच्या मुरडण्यावर गावातल्या पोरांनी गाणी रचली. मग तो मास्तर झाला, शिष्यवृत्ती मिळवून नाटक शिकून आला आणि लिहायला लागला. त्याच्या पहिल्याच नाटकातल्या एका विनोदावर पुढच्या रांगेतला साहेब हसला नाही, म्हणून एक्को तुरुंगात गेला. बाहेर आला तो दुसरा विनोद घेऊन, आणि पुन्हा आत गेला. दुसऱ्यांदा सुटल्यावर कुणी थिएटर देईना, तेव्हा त्याने मासळीचं शीतगृह झाडून घेतलं.

खांबेट्यांचं जहाज गेल्यावर पुढच्याच वर्षी त्याचं ते गाजलेलं नाटक आलं. कोकोच्या वखारीतला तराजू खोटा आहे हे गावातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही, एवढीच त्याची गोष्ट. महिनाभर प्रयोग झाले, आणि तिथल्या कुणा अधिकाऱ्याने बंदी आणली. हुकूम असा, की या नाटकातला एकही शब्द रंगमंचावर उच्चारला जाऊ नये. एक्कोने हुकूम तंतोतंत पाळला. नटांनी अख्खं नाटक नुसत्या ओठांनी केलं. प्रेक्षकांना एव्हाना वाक्यं पाठ झालेली, ती त्यांनीच जागेवर बसून मोठमोठ्याने म्हटली. रंगमंचावर शब्द नव्हता, आणि प्रेक्षकांना पकडायचं तर गावच आत टाकावं लागलं असतं. बंदोबस्ताला आलेला हवालदारसुद्धा शेवटच्या प्रवेशात पुटपुटत होता, असं एक्को सांगायचा आणि सभागृहं हसून लोटपोट व्हायची. त्या प्रयोगाची बातमी जगभर गेली. मग बोलावणी आली, महोत्सव आले, युरोपात प्राध्यापकी आली, मानाच्या पदव्या आल्या. आणि जिथे जिथे एक्को गेला तिथे तिथे 'पुणे पद्धत' गेली. ज्यांना पुणं नकाशावर दाखवता आलं नसतं अशी मुलं तिच्यावर परीक्षेत उत्तरं लिहीत होती.

"मग रडताय कशाला?" साधनाने विचारलं. आपल्या या बायकोला खांबेट्यांनी सगळं सांगितलं होतं, आणि तिने ते भाजी चिरता चिरता ऐकलं होतं. "पद्धत तुमचीच निघाली की."

"अगं, पण मी सगळ्यांना सांगितलंय, ती त्याची आहे म्हणून."

"आणि त्याला सांगितलंत, पुण्याची आहे म्हणून." तिने सुरी खाली ठेवली. "आयुष्यात एक गोष्ट तुम्ही स्वतःच्या डोक्यातून काढलीत, ती दोन वेळा दुसऱ्यांना देऊन टाकलीत. धन्य आहे तुमची."

हे खांबेट्यांना फार लागलं. डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. मग सिंगापुरात राहायचा पास संपणार, फ्लॅट सोडायचा, आणि दोघांनी परत जायचं. इतकी वर्षं नसलेल्या गोष्टींचा टेंभा मिरवून झाला होता. आता एक खरी गोष्ट हाती आली होती, आणि तिच्यावर आपलं नाव हवं, निदान या पन्नास-शंभर माणसांसमोर एकदा तरी हवं, असं त्यांना तहान लागल्यासारखं वाटू लागलं. त्यासाठी दोन्हीकडच्या थापा कबूल कराव्या लागल्या असत्या. त्यालाही ते तयार झाले, आणि खांबेट्यांच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात ते एक्कोला बुओना व्हिस्टाजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत भेटले. फोनवर त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, की मी तुमच्या कार्यक्रमाचा दिग्दर्शक. मनात धाकधूक होती. त्याने ओळखलंच नाही तर? पण पिकल्या दाढीचा, फुलाफुलांच्या सदऱ्यातला म्हातारा टेबलांमधून वाट काढत आला, थबकला, आणि लांबूनच ओरडला, "थर्ड!"

शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी नूडल्स खाणं थांबवलं. खांबेट्यांचे डोळे भरून आले. जगात त्यांना थर्ड म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कोण गेलं, कोण आहे, कुणाचा गुडघा बदलला. मग खांबेट्यांनी घसा साफ केला. "एक्को, मला तुम्हाला काही सांगायचंय. ती पुणे पद्धत... पुण्यात तसलं काही नाही. ते मी इंजिनरूममधून..."

"मला माहीत आहे," एक्को म्हणाला.

"काय?"

"माझा बाप इंजिनावर होता, थर्ड. जेवताना मीठसुद्धा ओठांनी मागायचा. तू पहिल्यांदा करून दाखवलंस तेव्हाच मी ओळखलं."

"मग पुणं पुणं का करत बसलात जन्मभर?"

"अरे, तुमच्या बापासारखं करा म्हटलं असतं, तर आमच्या नटांनी ढुंकून बघितलं नसतं. पुणं म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. पुढे युरोपातले प्राध्यापकही तसेच सरसावून बसले. लांबून आलेल्या गोष्टीला माणसं मान देतात." त्याने मिश्कीलपणे बघितलं. "तुला हे मी सांगायला हवं? ती पोरगी म्हणाली, तुमच्याकडे इथे कुणीतरी आफ्रिकन पद्धत शिकवतो."

खांबेट्यांनी ढवळून झालेली कोपी पुन्हा ढवळली. मग मान वर करून म्हणाले, "मला नाव हवंय. माझ्या लोकांसमोर एकदा सांगा, की ही पद्धत पुण्याची नाही, ताकोराडीची नाही. या माणसाची आहे."

एक्कोने आपला कप बाजूला सारला. "म्हणजे मी इतकी वर्षं खोटं शिकवलं हे मी सांगायचं, आणि तूही तेच केलंस हे तू सांगायचं."

"हो."

"मी खऱ्यापायी तुरुंगात गेलोय, थर्ड. पण तेव्हा तरुण होतो, आणि माझ्या नावाची पाटी कुठल्या विद्यापीठावर लागलेली नव्हती." तो हसला, आणि त्याने खांबेट्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "माझ्यावर सोड. मी नाटककार आहे. शेवट कसा करायचा ते मला बरोबर कळतं."

खांबेटे तरंगतच घरी आले. प्रयोगाच्या दिवशी त्यांनी मुलाच्या लग्नातला रेशमी झब्बा काढला. साधना म्हणाली, दिग्दर्शकाने पडद्यामागे असायचं असतं, एवढं नटायचं काय कारण? ते नुसतं गूढ हसले.

नाटक झकास रंगलं. इराला तर दोनदा टाळ्या मिळाल्या. मग स्टेजवर खुर्च्या आल्या, शाल आली, लिटल इंडियातल्या बाजारातून आणलेला नारळ आला. मधुवंतीने पाहुण्यांचा परिचय वाचला. तुरुंगाचा भाग आला तेव्हा परेश जरा चुळबुळले, पण एक्को खुशीत होता. नारळ मांडीवर घेऊन तो माइकपाशी सरकला. खांबेटे आता प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत साधनाशेजारी येऊन बसले होते.

"तुमच्या नटांनी आज पुणे पद्धत माझ्या विद्यार्थ्यांहून चांगली करून दाखवली," एक्कोने सुरुवात केली. हॉलमधल्या पुणेकरांच्या माना ताठ झाल्या. "ज्याने ती मला शिकवली त्याच्याबद्दल मी आजवर फार बोललो नाही. आज त्याच्याच लोकांमध्ये आलोय. आज बोललंच पाहिजे."

खांबेट्यांनी झब्बा सारखा केला. पाय जरा मागे घेतले, म्हणजे उठताना पटकन उठता यावं.

"तो उंच होता," एक्को म्हणाला.

खांबेटे उंच नव्हते. पण असू दे, त्यांनी मनात म्हटलं, लेखकाचा एवढा हक्क असतोच.

"त्याचा आवाज असा होता की शीतगृहाचे पत्रे थरथरायचे. आणि असा आवाज असलेला माणूस आम्हाला सांगत होता, आवाज बंद करा. तुमच्यापैकी मिस्टर खांबेटे तेव्हा त्याच बंदरात होते. त्यांनी त्याला पाहिलंय. ते साक्षीदार आहेत." सगळ्यांनी वळून खांबेट्यांकडे बघितलं. "ताकोराडीहून त्याचं जहाज निघालं आणि वादळात सापडलं. इंजिन बंद पडलं. तो काही इंजिनवाला नव्हता, कलावंत होता. पण खाली माणसं अडकली आहेत म्हटल्यावर तो उतरला. एकेकाला त्याने जिन्यावर ढकललं. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा शेवटच्या खलाशाने मागे वळून बघितलं. आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण त्याचे ओठ हलत होते, आणि खलाशाला कळलं. तो म्हणत होता, 'प्रयोग थांबवू नका.'"

हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. साधनाने नवऱ्याकडे बघितलं. खांबेटे रडत होते. आपण मेलोय हे त्यांना समजलं होतं, आपल्याला मारणाऱ्याचा भयंकर राग आला होता, उठून ओरडावं असं वाटत होतं. पण मरण इतकं सुरेख लिहिलेलं होतं की ते मध्येच तोडवेना. असं मरण आलेल्या माणसापुढे गुडघेदुखीवाल्या, निवृत्तीला आलेल्या खांबेट्यांनी उठून 'तो मीच' म्हणणं त्यांना स्वतःलाच अशोभनीय वाटलं.

परेशनी डोळे पुसत माइक घेतला. "मित्रहो, आपल्या पुण्याचा हा सुपुत्र परक्या समुद्रात गेला आणि आपल्याला इतकी वर्षं त्याचा पत्ताही नव्हता. मी सर्वांना विनंती करतो, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आपण त्यांना श्रद्धांजली वाहू या."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. खांबेटे बसूनच होते.

"उठा," साधना दातांतल्या दातांत म्हणाली. "लोक बघतायत."

खांबेटे उठले. मान खाली घातली, हात पुढे जुळवले आणि स्वतःसाठी स्तब्ध उभे राहिले. शेजारच्या बाईने त्यांच्या गालावरचं पाणी पाहिलं आणि तिला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

नंतर जेवणाच्या रांगेत एक्कोने त्यांना गाठलं. खांद्यावर शाल तशीच होती. "कसा झाला शेवट?"

"मी जिवंत आहे, एक्को."

"तीच तर अडचण होती. जिवंत माणसाच्या नावावर पद्धत चालत नाही, थर्ड. लोक त्याला प्रश्न विचारतात." त्याने प्रेमाने खांबेट्यांच्या पाठीवर थाप मारली आणि श्रीखंड वाढून घ्यायला पुढे गेला. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण मित्राला मोठी भेट दिली. आणि खांबेट्यांना त्याच्यावर धड रागावताही येईना, कारण त्याच्या जागी ते असते तर त्यांनी वादळात एक शार्कही घातला असता.

परेश टेबलाटेबलांशी जाऊन स्मृतिकरंडकाबद्दल बोलत होते. दरवर्षी उत्कृष्ट अभिनयासाठी, आणि परीक्षक म्हणून अर्थातच खांबेटे, निवृत्त झाले तरी ऑनलाइन. एवढ्यात मधुवंती आली. तिचं नाक रडून लाल झालं होतं.

"काका, तुम्ही त्यांना खरंच पाहिलं होतंत?"

"हो."

"बोलला होतात त्यांच्याशी?"

"रोज."

"कसे होते हो ते?"

खांबेट्यांनी तिच्याकडे बघितलं. पोरगी सज्जन होती, आणि डोळ्यांत प्राण आणून ऐकत होती. रंगसोबतीत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना पदरचं काही घालावंसं वाटलं नाही.

"थापाड्या होता," ते म्हणाले. "बुटका होता. नाटकातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. लोणंदचा माणूस, पुण्याचा म्हणून सांगायचा. इंजिनरूममधल्या खाणाखुणा त्याने एक्कोला पुण्याच्या म्हणून खपवल्या. पण पद्धत त्याची स्वतःची होती बरं का. तेवढी एक गोष्ट त्याची स्वतःची होती."

मधुवंतीचा चेहरा उतरला, आणि मग हळूहळू कठोर झाला.

"काका, तुमचं इथे नाव आहे म्हणून मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "आपल्या गुरूची पद्धत दुसऱ्या कुणाची निघाली की वाईट वाटतं, हे मी समजू शकते. पण गेलेल्या माणसाबद्दल असं बोलवतं तरी कसं तुम्हाला?"